नामांकित शाळा आणि कसदार शाळा

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी या संमेलनात शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाच्या शोधार्थ दूर जाण्याचे कारण आम्हांस पडले नाही. विषय घरोघरी आहे. मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की आपल्या घरांतून एकच चर्चा सुरू होते : मुंबईतील कोणत्या शाळेत घालावे? आजोबा आपल्या गिरगावातील शाळेचे नाव घेतात, वडील कचेरीतील साहेबांची मुले जेथे जातात त्या शाळेचे नाव घेतात, आणि आई बिचारी बसची वेळ आणि फीचा आकडा यांचा मेळ घालीत बसते.

संघाच्या शिक्षण-साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांचे रूपही पालटले आहे. पूर्वी अर्ज येत ते पुस्तकांसाठी, वसतिगृहाच्या खर्चासाठी, परीक्षेच्या फीसाठी. आता शहरातील नामांकित खासगी शाळांच्या फीसाठी अर्ज येऊ लागले आहेत, आणि त्यांतील रकमा पाहून विश्वस्त मंडळी विचारात पडतात. एका बालकाच्या एका वर्षाच्या फीत दहा-पंधरा गरजू मुलांचे वर्ष निघावे, अशा त्या रकमा असतात. तेव्हा आजचा प्रश्न केवळ वादविवादाचा नाही. तो निधीच्या पैशाचा आहे, आणि त्याहून अधिक, मुलांच्या आयुष्यातील वर्षांचा आहे. पैसा पुन्हा जमविता येतो. गेलेली इयत्ता परत येत नाही.

आम्ही प्रारंभीच दोन शब्द वेगळे करून ठेवू इच्छितो. एक ‘प्रतिष्ठा’ आणि दुसरा ‘कस’. प्रतिष्ठा म्हणजे शाळेचे नाव उच्चारताच समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटणारा आदर. कस म्हणजे त्या शाळेत रोज मुलाच्या बुद्धीस आणि हातास पडणारे काम, आणि त्या कामावरून फिरणारी शिक्षकाची नजर. या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र नांदतात. परंतु त्या एक नव्हेत. प्रतिष्ठा जमण्यास पिढ्या लागतात आणि ती ओसरण्यासही पिढी लागते. कस मात्र एक चांगला मुख्याध्यापक निवृत्त झाला तर दोन-चार वर्षांत उतरू शकतो, आणि चार मनस्वी शिक्षक आले तर तितक्याच काळात चढू शकतो. म्हणून प्रतिष्ठेची वार्ता ही नेहमी थोडी शिळी असते. पालक शाळा निवडतात ती वीस वर्षांपूर्वीच्या कीर्तीवर. मूल शिकते ते आजच्या शिक्षकांपाशी.

प्रतिष्ठा किती फिरती असते, हे आपल्या मुंबईचाच इतिहास सांगतो. आज ज्या ‘बॉम्बे स्कॉटिश’मध्ये प्रवेश मिळावा म्हणून पालक जिवाचे रान करतात, त्या संस्थेचा उगम १८४७ सालच्या एका अनाथालयात आहे. दक्षिण मुंबईतील ‘कॅथीड्रल अँड जॉन कॉनन’ ही शाळा १८६० साली सेंट थॉमस कॅथीड्रलच्या आश्रयाने निघाली, ती चर्चच्या गायनवृंदाला मुले मिळावीत या हेतूने. आजचे जोडनाव तिला १९२२ सालच्या एकीकरणानंतर प्राप्त झाले. इंग्लंडातील ईटन हे नाव तर जगभर श्रीमंतीचे प्रतीक मानले जाते. परंतु १४४० साली सहाव्या हेन्री राजाने ती शाळा स्थापन केली, ती सत्तर गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिक्षण देण्यासाठी. अनाथ, गायक मुले आणि गरीब विद्यार्थी यांच्यासाठी उघडलेली दारे पुढे कोणासाठी राखली गेली, हे आपण पाहतोच आहोत.

उलट उदाहरणही याच शहरात आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या प्रारंभी मुंबईत सर्वांत मानाची शाळा कोणती, असे विचारले असते तर पुष्कळांनी एल्फिन्स्टन हायस्कूलचे नाव घेतले असते. ती सरकारी शाळा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले ते याच शाळेतून. आज प्रवेशासाठी धावणाऱ्या पालकांच्या यादीत हे नाव आढळणार नाही. दगडी इमारत तीच राहते आणि मान मात्र दुसऱ्या रस्त्यास लागतो, असे हे चंचल दैवत आहे.

आणि ‘खासगी शाळा’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर केवळ इंग्रजी नावाच्या महाग शाळा उभ्या राहाव्यात, हेही इतिहासास धरून नाही. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, ते खासगीच होते. त्या शाळेपाशी ना भव्य इमारत होती ना राजाश्रय. तुटपुंज्या वेतनावर राबणारे शिक्षक हेच तिचे भांडवल. पुढे आगरकर येऊन मिळाले. वामन शिवराम आपट्यांसारखा संस्कृतज्ञ तेथे शिकवू लागला, ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० साली प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासकांच्या हाती असतो. शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच तिच्या विद्यार्थ्यांनी मॅट्रिकच्या परीक्षेत जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्त्या मिळविल्या, आणि मग तिचे नाव झाले. येथे कस आधी आला, प्रतिष्ठा त्याच्या पाठोपाठ आली. लोकमान्यांच्या निधनानंतर १९२१ साली विलेपार्ल्यातील नागरिकांनी काढलेले पार्ले टिळक विद्यालय, किंवा १९४० साली दादासाहेब रेगे यांनी शिवाजी पार्कच्या परिसरात सुरू केलेले बालमोहन विद्यामंदिर, यांची घडणही याच जातीची. मध्यमवर्गीय मराठी माणसाने आपल्या ऐपतीत उभ्या केलेल्या या खासगी शाळा होत, आणि त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुले घडविली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नामांकित शाळांचे निकाल उत्तम लागतात, हे खरे की नाही? खरे आहे. मग त्या शाळा उत्तम शिकवितात, हा निष्कर्ष निघतो की नाही? येथे थोडे थांबले पाहिजे. शेतकऱ्याने पाणस्थळ जमीन निवडून, निवडक बियाणे पेरून भरघोस पीक काढले, तर त्यात त्याच्या मशागतीचा भाग किती आणि जमिनीचा किती, हे नुसत्या पायलीच्या मापावरून सांगता येत नाही. नामांकित शाळेत येणारे मूल प्रथमपासूनच पुस्तकांच्या घरातून आलेले असते. त्याचे आईवडील सुशिक्षित असतात, घरी अभ्यासाला स्वतंत्र जागा असते, अडल्यास शिकविणारे माणूस असते. ते मूल शाळेने शिकविले नसते तरी बरेचसे शिकले असते. त्याच्या यशाचे सर्व श्रेय शाळेच्या नावे जमा करणे म्हणजे हिशेबात घोळ करणे होय.

या हिशेबाची तपासणी करण्याचा एक सुरेख प्रयत्न अमेरिकेत झाला. बोस्टन आणि न्यूयॉर्क या शहरांत काही सरकारी शाळा केवळ कडक प्रवेश-परीक्षेवर मुले घेतात आणि त्यांची कीर्ती खासगी शाळांच्या तोडीची आहे. काही अर्थशास्त्रज्ञांनी त्या परीक्षेत एखाद-दुसऱ्या गुणाने आत आलेली मुले आणि तितक्याच अंतराने बाहेर राहिलेली मुले यांची पुढील प्रगती ताडून पाहिली. बुद्धीने आणि तयारीने ही दोन्ही मुले जवळपास सारखीच. भेद एवढाच की, एकाला मानाची शाळा मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पुढील परीक्षांतील गुणांत या दोहोंमध्ये फारसा फरक आढळला नाही. अमेरिकेचा दाखला मुंबईस जसाच्या तसा लागू होईल असे आमचे म्हणणे नाही. परंतु ‘शाळा हुकली, आता मुलाचे भवितव्य हुकले’ असे म्हणून जे पालक कपाळाला हात लावून बसतात, त्यांनी हा दाखला लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडे कायद्याने ही निवड बंद करण्याचा प्रयत्न केला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची मुलाखत घेणे आणि देणगी मागणे या दोन्ही गोष्टींस मनाई केली, तसेच विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हा कायदा उचलून धरला; परंतु विनाअनुदानित अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले, आणि २०१४ च्या निर्णयाने ती सूट सर्वच अल्पसंख्याक शाळांस मिळाली. मुंबईतील जुन्या नामांकित शाळांपैकी अनेक ख्रिस्ती संस्थांच्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या सुटीचा अर्थ उमगतो. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास इतर खासगी शाळांनाही या २५ टक्क्यांतून मोकळे करणारा नियम केला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैत रद्द ठरविला. आपल्यापैकी ज्यांचे उत्पन्न कमी आहे त्यांनी या राखीव जागांसाठी अर्ज करण्यास संकोच करू नये. तो हक्क आहे, उपकार नव्हे. मात्र उरलेल्या जागांपुरते पाहिले, तर जे दार कायद्याने उघडे ठेवले ते फीचा आकडा आपोआप लोटून घेतो, हे कटू सत्य आहे.

आता कसाविषयी. पालकांत अशी एक समजूत रूढ झाली आहे की, बोर्ड जितके दूरचे आणि महाग तितका अभ्यास कठीण, आणि अभ्यास जितका कठीण तितकी शाळा चांगली. ही बोर्डे वेगवेगळ्या गोष्टी मागतात, एवढेच खरे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित आणि भूमिती, विज्ञान भाग एक आणि दोन, अशा ४०-४० गुणांच्या उत्तरपत्रिका असतात. आयसीएसईत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांचे पेपर निरनिराळे, आणि इंग्रजी साहित्याचा पेपर स्वतंत्र. तेथे दहावीचे मूल शेक्सपियरचे नाटक मुळातून वाचते. आंतरराष्ट्रीय शाळांतील आयबी पदविकेत सहा विषयांना प्रत्येकी सात गुण आणि वर तीन, असे ४५ गुण असतात, आणि विद्यार्थ्यास स्वतः विषय निवडून सुमारे चार हजार शब्दांचा प्रबंध लिहावा लागतो. हा शेवटचा प्रकार आम्हांस मनापासून आवडतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या बुद्धीने चार हजार शब्द लिहावेत, याहून चांगला व्यायाम कोणता?

परंतु अभ्यासक्रम हा नकाशा आहे. प्रवास शिक्षकाबरोबर करावयाचा असतो. माझगावच्या सेंट मेरीजच्या नावाखाली राज्य मंडळाची शाळाही चालते आणि आयसीएसईचीही. धोबीतलावचे सेंट झेवियर्स हायस्कूल १८६९ पासून नामांकित आहे, आणि तेथे राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम शिकविला जातो. म्हणजे बोर्डाच्या नावाने प्रतिष्ठाही ठरत नाही आणि कसही ठरत नाही. सोपा अभ्यासक्रम खोलात जाऊन शिकविणारी शाळा ही कठीण अभ्यासक्रम वरवर उरकणाऱ्या शाळेपेक्षा केव्हाही अधिक कसदार होय.

या संदर्भात क्रिकेटमधील एक दाखला देण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. सचिन तेंडुलकर प्रथम वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकत होता. तो दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात गेला, तो प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्याने. कारण तेथे खेळाचा रोजचा सराव आणि शाळेचा चांगला संघ होता. पुढे १९८८ च्या फेब्रुवारीत, हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, आणि प्रतिपक्ष होता नामवंत सेंट झेवियर्सचा. येथे कोणाला उणे लेखण्याचा हेतू नाही. झेवियर्सने सुनील गावसकरांसारखा खेळाडू देशास दिलेला आहे. सांगावयाचे ते एवढेच की, त्या मुलाच्या वडीलधाऱ्यांनी प्रश्न बरोबर विचारला. शाळेचे नाव किती मोठे, असा त्यांचा प्रश्न नव्हता. आमच्या मुलास ज्याची गरज आहे ते तेथे रोज मिळेल काय, असा तो प्रश्न होता.

गणित, भाषा, विज्ञान यांनाही हाच न्याय लागू आहे. शाळेचा कस पाहावयाचा असेल तर स्वागतकक्षातील संगमरवर पाहू नये. सातवीतल्या मध्यम मुलाच्या वह्या मागून पाहाव्यात. निबंध महिन्यातून किती वेळा लिहून घेतला जातो? तपासताना नुसती लाल खूण केली आहे की चूक दाखवून पुन्हा लिहून घेतले आहे? गणित चुकले तेथे रीत समजावली आहे की उत्तर लिहून दिले आहे? एका वर्गात मुले किती? शिक्षणहक्क कायदा प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे आणि उच्च प्राथमिक वर्गांत ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असे सांगतो. शाळा ते पाळते काय? शिक्षक किती वर्षे टिकतात, की दर जूनमध्ये नवे चेहरे दिसतात? प्रयोगशाळेतील परीक्षानळ्या मुलांच्या हाती येतात, की कपाटात चकाकत राहतात? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या मुलाचे ही शाळा काय करते? त्यास हात देते, की निकाल शंभर टक्के राहावा म्हणून नववीतच पालकांना बोलावून दुसरी शाळा पाहण्याचा सल्ला देते?

आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. या शाळेतील आठवी ते दहावीची किती मुले बाहेरच्या क्लासला जातात? एखाद्या शाळेची जवळजवळ सर्व मुले संध्याकाळी क्लासमध्ये बसत असतील, तर दहावीच्या निकालाचा मान शाळेचा की क्लासचा, हे ठरविणे कठीण आहे. तेव्हा पालक फी दोनदा भरतात : सकाळी प्रतिष्ठेची आणि संध्याकाळी शिक्षणाची.

प्रतिष्ठेचे मोल अजिबात नाही, असे कोणी आमच्या तोंडी घालू नये. ते कोठे आहे आणि कोठे नाही, हे नीट पाहावे. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात शाळेचे नाव विचारीत नाहीत, गुण विचारतात. वैद्यकीय प्रवेशासाठी नीट आणि अभियांत्रिकीसाठी जेईई वा राज्याची सीईटी या परीक्षांत उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास मुलाची शाळा ठाऊक नसते. येथे नामांकित शाळेचा शिक्का काडीचाही उपयोगी नाही. परंतु परदेशी विद्यापीठांत जावयाचे असेल तर शाळेची ओळख, शिफारसपत्रे आणि मार्गदर्शन यांस वजन आहे, आणि १९८१ साली निघालेल्या अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे किंवा २००३ साली निघालेल्या धीरूभाई अंबानी इंटरनॅशनल यांसारख्या शाळा त्या वाटेची तयारी करून देतात. मोठमोठ्या घरांतील मुलांशी बालपणापासूनची ओळख, चारचौघांत बोलण्याचा धीटपणा, हेही लाभ खरेच आहेत. ज्यांची ऐपत आहे त्यांनी मुलांना या शाळांत अवश्य घालावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आमचे बोलणे आहे ते ऐपत नसता ओढाताण करणाऱ्यांशी. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे नोकरदार आहेत. कित्येकांनी अशा फीसाठी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली आहे, सोने गहाण ठेवले आहे. शाळेचे वर्ष एक नसते, बारा-तेरा असतात. आणि खर्च फीवर थांबत नाही. सहल परदेशी, वाढदिवस हॉटेलात, प्रकल्पाचे साहित्य महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. याहून मोठी किंमत मूल मोजते, आणि ती आपल्या वहीखात्यात दिसत नाही. मित्रांना घरी बोलवावयास जे मूल कचरू लागते, वडिलांनी स्कूटरवरून शाळेच्या फाटकापर्यंत न येता कोपऱ्यावरच सोडावे असे ज्यास वाटू लागते, त्या मुलास आपण नेमके काय दिले, याचा विचार आईबापांनी रात्री शांतपणे करावा. सर्वच मुलांचे असे होत नाही. काही मुले जात्याच खंबीर असतात. परंतु आपले मूल कोणत्या जातीचे आहे हे पाहिल्यावाचून केवळ नावासाठी त्यास त्या प्रवाहात लोटणे धोक्याचे आहे.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. इंग्रजीस आमचा विरोध नाही. इंग्रजीवाचून आज कोणाचेच चालत नाही. परंतु लहान वयात मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेतून त्यास गणित आणि परिसर समजावला तर तो पाया पक्का होतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. गिरगाव, परळ, दादर येथील मराठी शाळांच्या तुकड्या वर्षामागून वर्ष कमी होत गेल्या. त्यांतील काही शाळांत आजही असे शिक्षक आहेत की, त्यांच्या वर्गात एक तास बसावे आणि तृप्त होऊन उठावे. आपण त्यांच्याकडे पाठ फिरवितो ती बहुधा कस पाहून नव्हे, तर शेजाऱ्याचे मूल कोठे जाते ते पाहून.

मग संघाने काय करावे? ज्ञातिसंस्थांनी शिक्षणासाठी काय करावे याचा वस्तुपाठ राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात घालून दिला. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघावीत म्हणून उत्तेजन दिले, जागा दिल्या, अनुदाने दिली. त्या वसतिगृहांनी कोणास नावाजलेल्या शाळेचा शिक्का मिळवून दिला नाही. खेड्यातील मुलाला राहावयास खोली, पोटाला अन्न आणि अभ्यासाला दिवा दिला. तेवढ्यावर पिढी उभी राहिली. शिक्षणात ज्ञातीचे काम हेच : मूल आणि अभ्यास यांच्या मध्ये जी अडचण असेल ती दूर करणे.

या दृष्टीने विश्वस्तांपुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, निधीतील साहाय्य मुलाची गरज आणि चिकाटी पाहून द्यावे. शाळेच्या नावास त्यात गुण नसावेत. दुसरी, ज्ञातीतील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची एक लहान समिती नेमावी. प्रवेशाच्या हंगामापूर्वी तिने आपल्या वस्तीतील शाळांना भेटी द्याव्यात, वर सांगितलेले प्रश्न विचारावेत आणि पालकांस तोंडी सल्ला द्यावा. फीविषयीही तिने पालकांस जागे करावे. २०११ च्या महाराष्ट्राच्या फी-नियमन कायद्याप्रमाणे फीची वाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते, हे आपल्यापैकी किती पालकांस ठाऊक आहे? तिसरी, संघाच्या सभागृहाच्या मागील दोन खोल्या संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका म्हणून उघडाव्यात. दीड खोलीच्या घरात पाच माणसांत अभ्यास करणाऱ्या मुलाला शांत कोपऱ्याचे मोल विचारा.

चौथी सूचना आमच्या अंतःकरणास सर्वांत जवळची आहे. दरवर्षी आपण गुणगौरव समारंभ करतो आणि या स्मरणिकेत यशस्वी विद्यार्थ्यांची नावे, टक्के आणि शाळा छापतो. नव्वदाच्या वर गुण मिळविणाऱ्यांचे कौतुक व्हावे, अवश्य व्हावे. परंतु आठवीत चाळीस टक्क्यांवर असलेली आणि दहावीत पासष्टांवर पोहोचलेली मुलगी या व्यासपीठावर कधी आली आहे काय? त्या पंचवीस टक्क्यांत शाळेचा खरा कस आहे, शिक्षकाचा घाम आहे आणि त्या मुलीची जिद्द आहे. पुढील वर्षापासून अशा एका विद्यार्थ्यास व एका विद्यार्थिनीस पारितोषिक द्यावे, आणि त्यांच्याबरोबर त्यांना ज्यांनी शिकविले त्या शिक्षकांसही सन्मानाने बोलवावे; मग ते शिक्षक महापालिकेच्या शाळेतील असोत की मोठ्या नावाच्या. आपल्या व्यासपीठावर ज्याचा सत्कार होतो त्याचाच ध्यास ज्ञातीतील पालक घेतात, याचा अनुभव आपल्या सर्वांस आहे. सत्कार बदलला की हळूहळू ध्यासही बदलेल.

बंधुभगिनींनो, येत्या जूनमध्ये आपल्यापैकी अनेकांची मुले प्रथमच दप्तर पाठीस लावतील. त्यांच्या शाळेच्या फाटकावरील अक्षरे किती सोनेरी आहेत हे त्या बालकांस कळणार नाही. आपल्या बाई आपल्याकडे पाहून हसल्या की नाहीत, आणि आपण काढलेले वेडेवाकडे अक्षर त्यांनी हात धरून नीट करून दिले की नाही, हे मात्र त्यांना पहिल्याच दिवशी कळेल. निवड करताना आपणही तेच पाहावे, एवढी विनंती.